आडनावातलं 'नीस' / 'नवीस' म्हणजे काय?

चिटणीस, पोतनीस, पारसनीस, जमेनीस, फडणवीस... यातलं हे नीस-नवीस नक्की कुठनं आलं? आमच्या ऑफिसात एकजण छातीठोकपणे सांगत होता की फडावर हाताखाली वीस माणसं असायची म्हणून फडणवीस. मला तरी पटलं नाही.

– हाहा, वीस माणसं! अहो ते फारसी नविस आहे, म्हणजे लिहिणारा. कोर्टाबाहेर अर्जनवीस बसायचे ना, तेच. चिठ्ठ्या-पत्रं लिहिणारा चिटणीस, फारसी पत्रव्यवहार बघणारा पारसनीस, जमेचा हिशोब ठेवणारा जमेनीस. आणि फडणवीसमधला फड तमाशाचा नाही की कुस्तीचा नाही, मूळ शब्द फर्द, म्हणजे हिशोबाचा कागद, यादी. फडणीस पण तेच, फक्त झिजलेलं.

– आणि पोतनिसांकडे पोती का?

– पोत म्हणजे सरकारी खजिना, पोतदार पण त्यातलाच.

– मला यात गंमत वाटते ती वेगळीच. 1674 ला राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी पदांची फारसी नावं काढून संस्कृत केली, मुजुमदाराचा अमात्य झाला, वाकनीसाचा मंत्री, सुरनीसाचा सचिव, डबीराचा सुमंत, पण आडनावांत बघा, मुजुमदार आणि डबीर आजही मजेत नांदतायत. बंगालातले मजुमदारही त्याच शब्दातून आलेत. चिटणीस तर आडनावातून बाहेर पडून पक्षात शिरलाय, आजही प्रत्येकाला सरचिटणीस लागतोच.

– म्हणजे आडनाव सेम म्हणून नातं लावायला जाऊ नये. नाना फडणवीस मूळचे भानू, काम फडणिशीचं म्हणून ते नाव चिकटलं. देशमुख, कुलकर्णी तर कितीतरी जातींत सापडतात, कारण ते वतन होतं, कूळ नाही. लग्नाच्या बैठकीत "अरे तुम्ही पण कुलकर्णी" म्हणून उड्या मारणाऱ्यांना हे कुणीतरी सांगा.

– माझं माहेर कारखानीस. लोक हमखास विचारतात, कारखाना कशाचा होता ओ तुमचा? 😄

– सांगा ना ताई, हत्तींचा! राज्याचे अठरा कारखाने म्हणायचे त्यात पीलखाना म्हणजे हत्तीखाना, तोफखाना, दफ्तरखाना असं सगळं यायचं, कारखाना म्हणजे सरकारी खातं, आणि त्याचा हिशोब लिहायचा तो कारखानीस.

– मग हत्तींचाच सांगते.