बाथरूमला व्हॅनिटी (बेसिनखालचं कपाट) कुठली बसवू?

बेळगावात टिळकवाडीत जुनं घर रिनोव्हेट करायलोय, बाथरूम ५ बाय ७ चं, सुतार म्हणतोय प्लायवूडची व्हॅनिटी करू पण आमच्याकडं आंघोळीचं पाणी सगळीकडं उडतंय, काय करू?

खानापूरकर: अण्णा, साधं प्लाय नकोच, पावसाळ्यात फुगतंय. प्लायच पाहिजे तर आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का बघून घ्या आन् कापलेल्या कडा सील करायला लावा, सुतार तेवढंच विसरतात. नाहीतर पीव्हीसी बोर्ड.

शहापूरची वहिनी: भिंतीवर टांगलेली घ्या भाऊजी, खालनं फरशी पुसायला बरं. वर ग्रॅनाईट, पांढरा मार्बल नको, हळदीचे हात लागले की डाग जाता जात नाही.

खानापूरकर: वहिनी बरोबर, पण भिंत ४ इंची असली तर खाली लोखंडी ब्रॅकेट द्याच, ग्रॅनाईट लई जड.