चिमणराव आजच्या मुलांच्या हाती द्यावा का?

धागाकर्ती: विनोदी लेखक चिं. वि. जोशींचा चिमणराव पुन्हा वाचायला घेतलाय. लहानपणी 'चिमणरावाचे चऱ्हाट'मध्ये त्याच्या जोडीदाराची, गुंड्याभाऊची दांडगाई आवडायची. आता लक्ष जातं ते गोष्ट सांगणाऱ्याकडे. सगळं चिमणरावच सांगतो. आपण घरचे कर्ते पुरुष, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नसते. पण त्याचं खरं वजन किती, हे त्याच्याच वाक्यांतून आपल्याला कळत जातं. लेखक मध्ये पडून कुणालाही टपली मारत नाही. बायको काऊ, पोरं मोरू, राघू, मैना, घरभर नुसती पाखरं, आणि त्यांच्या किलबिलाटात हा गृहस्थ आपली अब्रू सांभाळत बसलेला! कौटुंबिक विनोदात मराठीत याच्या तोडीचं मला दुसरं दिसत नाही. मुलांना आवर्जून द्यावा.

उंबरठा: साफ असहमत. एक पांढरपेशं घर, नोकरी, पाहुणेरावळे, सोयरीक. बाहेर देश ढवळून निघत होता, त्यातलं घरात झिरपतं ते थट्टेपुरतं. काऊचं म्हणणंही आपल्यापर्यंत नवऱ्याच्याच तोंडून येतं. खरं तर बहुतेकांच्या मनात आहे तो दूरदर्शनवरचा दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव. पुस्तक किती जणांनी उघडलंय?

जुना वाचक: प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे यांनी कमाल केली, वादच नाही. पण त्याच्या कितीतरी आधी, १९४० साली, मास्टर विनायकांनी 'लग्न पहावं करून' काढला होता. त्यात दामूअण्णा मालवणकर चिमणराव होते. चाळीसेक वर्षांच्या अंतराने दोन वेगळे नट आले आणि दोघांनाही लोकांनी डोक्यावर घेतलं. मुळात दम नसता तर हे झालं नसतं.

आणखी एक. जोशी (१८९२–१९६३) पाली भाषेचे पंडित, बडोद्याला शिकवायचे. बुद्धावर लिहिलं, त्याच्या पूर्वजन्मांच्या जातककथा मराठीत आणल्या. माणसाच्या खोडीवर न चिडता तिच्याकडे बघत राहायचं, ही त्यांची सवय त्या अभ्यासातूनच आली असावी, असं मला वाटतं.

उंबरठा: जातकांचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. तिथे राजे, व्यापारी, चोर, दासी, माकडं, सगळ्यांना जागा आहे. ते सगळं कोळून प्यायलेला माणूस मराठीत विनोद लिहायला बसतो तेव्हा एवढंच घर का निवडतो?

धागाकर्ती: कारण त्या घराची नस त्यांना सापडली होती. लग्न जुळवण्याची खटपट घ्या. मानपान, देणंघेणं, मुलीकडच्यांची ओढाताण, हे चार परिषदांच्या ठरावांत मिळणार नाही इतकं नेमकं तिथे उतरलंय. दुरून दुसऱ्यांच्या घरात डोकावून लिहिलं असतं तर ते टिंगल झालं असतं. जोशी आपल्याच माणसांना हसतात, म्हणून ते बोचत नाही आणि पुसलंही जात नाही. काऊबद्दल म्हणाल, तर नवऱ्याच्या बढाईच्या फटीतून ती मला स्पष्ट दिसते, त्याच्यापेक्षा शहाणी.

उंबरठा: तुम्हाला दिसते, कारण तुम्ही चाळिशीत वाचताय. बारा वर्षांचं मूल चिमणरावाचं सांगणं जसंच्या तसं खरं धरील. त्याच्या हाती द्यायचाच असेल तर शेजारी बसून वाचा आणि मध्ये थांबून विचारा, 'हे काऊने सांगितलं असतं तर?'