बोअरच्या उपशाने ध्रुव सरकला, हे आपण मनावर घ्यायचं का?

मांजराकाठ: २०२३ साली एक अभ्यास आला. १९९३ ते २०१० या काळात जगभर जमिनीतून अंदाजे २१५० अब्ज टन पाणी उपसलं गेलं. ते शेवटी समुद्राला मिळालं, वजन इकडचं तिकडे झालं आणि पृथ्वीचा फिरण्याचा ध्रुव, म्हणजे ती ज्या अक्षाभोवती फिरते त्याचं टोक, जवळपास ८० सेंटिमीटर सरकला. वायव्य भारताचा उपसा त्यात मोठा. वडिलांच्या विहिरीला ५० फुटांवर पाणी होतं, मी ७०० फूट बोअर मारलं तरी कोरडं. ही गोष्ट मला परकी वाटत नाही.

किल्लारीचा: दादा, शब्द जपून वापरा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमची माळवदाची घरं बसली, हजारो माणसं दगडमातीखाली गेली. 'पृथ्वी सरकली' वाचलं की आमची म्हातारी माणसं आजही अंगणात झोपायला जातात. ध्रुव तर निसर्गतःच काही मीटरच्या घेरात फिरत असतो. ८० सेंटिमीटरने कुणाची भिंतसुद्धा तडकत नाही.

मांजराकाठ: भूकंपाचं मी म्हटलंच नाही. पण माणसाच्या हातून जमीन हलतच नाही, असंही नाही. कोयनेचं धरण भरल्यावर धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ ला मोठा भूकंप झाला.

परभणी_भूगोल: दोघेही जमिनीकडेच बघताय. मला घोर आहे समुद्राचा. अटलांटिकमध्ये उबदार खारं पाणी उत्तरेला जातं, थंड होऊन जड होतं, तळाला बसतं. त्यावरच तो प्रवाह चालतो. ग्रीनलंडचा बर्फ वितळून गोडं पाणी मिसळलं की पाणी हलकं होतं, बुडणं मंदावतं. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, २०२१ च्या अहवालानुसार तो या शतकात कमजोर होण्याची शक्यता फार दाट आहे. २१०० पूर्वी एकाएकी कोसळेल असं मात्र त्यांना वाटत नाही. हजारो वर्षांपूर्वी तो मंदावला तेव्हा आपला मोसमी पाऊसही मंदावल्याच्या खुणा सापडतात. कोरडवाहू सोयाबीनवाल्याने ऑगस्टच्या खंडात आणखी काय सोसायचं?

किल्लारीचा: मॅडम, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. त्यात ग्रीनलंडचा काय दोष? तुटीच्या पावसात ऊस आपणच लावला, उपसा आपणच केला. एवढं लांबचं कारण दिलं की गावातला कुणीच जबाबदार उरत नाही.

मांजराकाठ: हे मान्य. पण ज्या बोअरने गावाचं पाणी संपवलं, तसल्याच लाखो बोअरांनी ध्रुव सरकवला. म्हणून लांबचं कारण मला लांबचं वाटत नाही. यंदा ऊस मोडून तूर घेतोय.

किल्लारीचा: तूर घ्या. माझा वाद त्याच्याशी नव्हताच.