मदत हवी आहे : क्रूझच्या एका दिवसात फ्लॉरेन्स कसे पाहावे?

निशिगंध_७ :
पुढच्या आठवड्यात आम्ही चौघे भूमध्य समुद्रातील क्रूझवर असू आणि एक पूर्ण दिवस जहाज फ्लॉरेन्सला थांबणार आहे. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचा मूळ पुतळा, उफिझी चित्रसंग्रहालय, कॅथेड्रलच्या घुमटावरून दिसणारे शहर आणि वेळ उरल्यास पिसाचा मनोरा, हे सारे कोणत्या क्रमाने पाहावे, एवढेच मला विचारायचे आहे. जहाजाची सहल आम्हाला परवडणारी नाही. तिकिटे आज रात्रीच काढायची असल्यामुळे कृपया नेमके उत्तर द्यावे. व्हिसा, विमा आणि परकीय चलन ही कामे उरकलेली आहेत.

रुळावरचा_प्रवासी :
फ्लॉरेन्सला समुद्र नाही, त्यामुळे जहाज तिथे थांबणे शक्य नाही. बंदर कोणते आहे, लिव्होर्नो की ला स्पेझिया? जहाज किती वाजता लागते, परत चढण्याची शेवटची वेळ काय, वार कोणता आणि चौघांपैकी कोणाला चालण्याचा त्रास आहे का, हे कळल्याशिवाय क्रम सांगणे म्हणजे पत्ता न विचारता रिक्षा सुरू करण्यासारखे होईल.

निशिगंध_७ :
तिकिटावर ठळक अक्षरांत फ्लॉरेन्स आणि पिसा असेच छापलेले आहे. आता पाहिले तर खाली बारीक अक्षरांत लिव्होर्नो आहे. मला ते धक्क्याचे नाव वाटले होते. वेळ सकाळी सात ते संध्याकाळी सात. आता तरी क्रम सांगाल का?

चक्रधर_ठाणे :
लिव्होर्नोत सरळ गाडी भाड्याने घ्यावी. फ्लॉरेन्स तेथून सुमारे नव्वद किलोमीटरवर आहे आणि पिसाही करता येते. आम्ही असेच केले होते. कोणाच्या वेळापत्रकाला बांधलेले नव्हतो आणि हवे तिथे थांबून कॉफी घेत गेलो.

सायलीची_आई :
चक्रधर यांनी झेडटीएलचा, म्हणजे मर्यादित वाहतुकीच्या भागाचा, उल्लेख केलेला नाही, म्हणून लिहिते. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात परवान्याशिवाय गाडी नेण्यास मनाई आहे आणि प्रवेशाच्या जागी कॅमेरे बसवलेले आहेत. हॉटेल शोधताना आम्ही एकाच कमानीखालून दोनदा गेलो, तेव्हा आम्हाला कोणी अडवले नाही. काही महिन्यांनी मात्र नाशिकच्या घरी दंडाची दोन स्वतंत्र पत्रे आली, आणि आमचा पत्ता कळवल्याबद्दल गाडीवाल्यांनी वेगळे शुल्क कापले ते निराळेच.

चक्रधर_ठाणे :
पाट्या वाचल्या असत्या तर दंड झाला नसता. आम्ही गाडी शहराबाहेर लावून ट्रामने आत गेलो होतो.

रुळावरचा_प्रवासी :
शेवटी ट्रामनेच जायचे असेल, तर मग आगगाडीने काय वाईट केले आहे? लिव्होर्नो हे मालवाहू बंदर असल्यामुळे धक्क्यावरून पायी बाहेर पडू देत नाहीत. बंदराची बस गावाच्या मध्यभागी सोडते आणि तेथून लिव्होर्नो चेंत्राले स्थानक गाठण्यास दुसरी बस किंवा टॅक्सी लागते. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला स्थानकापर्यंत प्रादेशिक गाडीला साधारण दीड तास लागतो. म्हणजे जहाज सातला लागले, तरी उतरणे, बस आणि गाडीची वाट पाहणे धरून साडेदहाच्या आधी तुम्ही फ्लॉरेन्समध्ये नसाल, आणि दुपारी साडेतीनची परतीची गाडी सोडू नये असे मी म्हणेन. हाती पाच तास उरतात. त्यात पिसाचा विचार सोडून द्यावा. कागदी तिकिटावर चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात शिक्का मारावा, अन्यथा दंड होतो.

लुक्का_निवांत :
पाच तासांसाठी तीन तासांचा आगगाडीप्रवास कशासाठी करायचा? लिव्होर्नोहून पिसा वीस मिनिटांच्या आत येते. पिसा चेंत्राले स्थानकावरून मनोऱ्यापर्यंत पायी पंचवीस मिनिटे लागतात, तर सान रोसोरे हे छोटे स्थानक त्याहून बरेच जवळ आहे. त्याच मार्गावर पुढे लुक्का आहे, ज्याच्या तटावरून संपूर्ण गावाला चार किलोमीटरची सावलीतली फेरी मारता येते.

रुळावरचा_प्रवासी :
प्रश्न फ्लॉरेन्सचा आहे. आणि वार अजूनही कळलेला नाही.

निशिगंध_७ :
सोमवार आहे. त्याने काय फरक पडतो?

सायलीची_आई :
सगळाच फरक पडतो. डेव्हिड ज्या अकादेमियात आहे ते संग्रहालय आणि उफिझी, ही दोन्ही सोमवारी बंद असतात. आज रात्री तिकिटे काढायला बसला असतात, तर ती तारीख तुम्हाला दिसलीच नसती.

विदर्भातला_शाकाहारी :
जेवणाविषयी कोणीच लिहिलेले नाही. रिबोल्लिता हे शिळा पाव, पांढरे घेवडे आणि काळसर पालेभाजी शिजवून केलेले घट्ट सूप तिथे सहज मिळते. मात्र खऱ्या पार्मेझान चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध साकळवण्यासाठी वापरलेला वासराच्या पोटातील पदार्थ, असतो, म्हणून काटेकोर शाकाहारी असाल तर वरून चीज किसू नये, असे वाढण्याआधीच सांगावे.

निशिगंध_७ :
जेवणाचा प्रश्न मी विचारलेला नव्हता, पण आई वरचे चीज निमूट बाजूला सारत बसली असती, म्हणून आभार. आता सोमवारी उघडे काय असते, तेवढे सांगावे. बाबांचे गुडघे दुखतात, हे लिहायचे राहिले होते.

रुळावरचा_प्रवासी :
कॅथेड्रल सोमवारी उघडे असते आणि आत जाण्यास पैसे पडत नाहीत. रांग मात्र लांब असते आणि खांदे झाकलेले असावे लागतात. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात उभारलेल्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत, उद्वाहक नाही आणि वरचा भाग दोन कवचांमधील अरुंद वाटेने चढावा लागतो. बाबांनी खालीच थांबावे. वेळेचे तिकीट आधी काढावे लागते. साडेबाराच्या आतली वेळ घेऊ नये, कारण गाडी उशिरा आली तर तिकीट फुकट जाईल. सिन्योरिया चौकातील डेव्हिड ही प्रतिकृती असली, तरी मूळ पुतळा १८७३ पर्यंत नेमका तिथेच उभा होता. मग सोनारांच्या दुकानांचा पोन्ते वेक्यो पूल पाहावा, आणि पाय चालत असतील तर सांता क्रोचे, जिथे मायकेलअँजेलो, गॅलिलिओ आणि मॅकियाव्हेली यांची थडगी आहेत.

पंचगंगेकाठचा :
विषय थोडा निराळा आहे, पण मराठी माणूस फ्लॉरेन्सला जाऊन हे न पाहता परततो, याचे मला नेहमी वाईट वाटते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले, तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी देण्यात आला. पुढे १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली, आणि तिचे स्थापत्य कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधणाऱ्या मेजर मँट यांचेच आहे. छत्रीखालचा अर्धपुतळा रंगवलेला आहे. शेजारच्या मोठ्या पुलालाही लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात.

लुक्का_निवांत :
पाच तासांत हे कुठे बसणार? ते स्मारक काशिने उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे.

निशिगंध_७ :
बाबा मूळचे कोल्हापूरचे आहेत, जन्म शिवाजी पेठेतला. प्रश्नाशी त्याचा संबंध वाटला नाही म्हणून लिहिले नव्हते. त्यांना हे वाचून दाखवले, तेव्हापासून ते घुमटाचे नावही काढू देत नाहीत. आम्ही दोघे घुमट चढत असताना आई-बाबांनी ट्रामने काशिनेला जाऊन यावे, असे ठरवतो आहोत. काशिने नावाचा थांबाही नकाशात दिसतो आहे.

पंचगंगेकाठचा :
ट्रामने मुळीच पाठवू नका. तो थांबा उद्यानाच्या शहराकडील टोकाला आहे आणि तेथून छत्रीपर्यंत सुमारे तीन किलोमीटर चालावे लागते. सांता मारिया नोव्हेला स्थानकाबाहेरच्या रांगेतून टॅक्सी घ्यावी, चालकाला ‘मोनुमेंतो अल्ल इंदियानो’ असे कागदावर लिहून दाखवावे आणि परतीसाठी तिलाच थांबवून ठेवावे, कारण फ्लॉरेन्समध्ये रस्त्यात हात दाखवून टॅक्सी थांबत नाही.