पिंक फ्लॉइड झालं, आता पुढे काय? प्रोग रॉकमधले तुमचे लाडके अल्बम सांगा

कंपासपेटी

प्रोग रॉक (प्रोग्रेसिव्ह रॉक) म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक. त्यातले पिंक फ्लॉइडचे 'डार्क साइड ऑफ द मून', 'विश यू वर हिअर' आणि 'मेडल'मधलं साडेतेवीस मिनिटांचं 'एकोज' आता पाठ झालंय. पुढे जायला नेटवरच्या 'सर्वश्रेष्ठ शंभर' छाप याद्या धरल्या की तीन ठिकाणी अडतं. किंग क्रिमसन या बँडचा पहिला अल्बम 'मूनचाइल्ड' या गाण्यापाशी बसकण मारतो, नुसती टिकटिक आणि टुणटुण. येस या बँडच्या 'क्लोज टू द एज'ची सुरुवात म्हणजे पाच जण पाच खोल्यांत बसून वाजवताहेत असं वाटतं. आणि ताल मोजायला जावं तर सम हातातून निसटते. शिवाय फोनवर दोन गाण्यांच्या मध्ये बारीकसा खंड पडतो, तो रसभंग वेगळाच.

तर तुमच्या आवडीचे तीन-चार अल्बम कोणते, त्यांत कुठे काय ऐकायचं, आणि कोणती आवृत्ती घ्यायची? नुसती नावं नकोत, ती गूगलही देतं.

तेरावीमात्रा

'मूनचाइल्ड'वर अडलात यात तुमचा काही दोष नाही. गाणं म्हणून ते अडीच मिनिटांत संपतं. उरलेली साडेनऊ-पावणेदहा मिनिटं मुक्त वादन आहे, तेही अगदी हळू आवाजातलं. २००९ च्या नव्या मिक्समध्ये तर त्यातली तीनेक मिनिटं कापूनच टाकली आहेत. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत ते बिनदिक्कत ओलांडा आणि थेट शेवटच्या शीर्षकगीताकडे जा. पाप लागत नाही.

माझे तीन:

'रेड', किंग क्रिमसन, १९७४. तोवर बँडमध्ये तिघंच उरले होते: फ्रिप (गिटार), वेटन (बास आणि गायन), ब्रूफर्ड (ड्रम). बाकीचे पाहुणे. अल्बम बाजारात यायच्या आधीच फ्रिपने बँड मोडल्याचं जाहीर केलं होतं. शेवटचं 'स्टारलेस' सव्वाबारा मिनिटांचं आहे. पहिली सव्वाचार मिनिटं सरळ, संथ, उदास गाणं. मग गायन थांबतं आणि बास १३ मात्रांचं आवर्तन धरतो. त्यावर गिटार एकच स्वर दोन तारांवर आळीपाळीने वाजवत राहते, मग हळूच वरचा स्वर, मग त्याच्या वरचा. ख्यालात बढत होते तसंच हे, फक्त इथे रागाऐवजी अस्वस्थता वाढते. नवव्या मिनिटाच्या आसपास ड्रम आणि सॅक्सोफोन उधळतात आणि अगदी शेवटी सुरुवातीची ती उदास चाल सगळ्या ताकदीनिशी परत येते. ती ओळखू आली पाहिजे, म्हणून पहिली चार मिनिटं कान देऊन ऐका. तिथे फोन चाळलात तर शेवट फुकट गेला.

'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड', जेनेसिस, १९७३. 'फर्थ ऑफ फिफ्थ' साडेनऊ मिनिटांचं. सुरुवातीला मिनिटभर एकटा पियानो. तिसऱ्या मिनिटानंतर बासरीवर एक छोटी चाल येते, ती गुणगुणता येईपर्यंत ऐका. मग सुरुवातीचा तोच पियानोचा तुकडा सगळा बँड मिळून वाजवतो, या वेळी सिंथसायझरवर. त्यानंतर बँडचा गिटारवाला हॅकेट याची गिटार येते. लोक तिला महान सोलो म्हणतात, ते खरंच आहे. पण ती नवी चाल नाही, बासरीचीच चाल विस्तारून वाजवली आहे. हे एकदा कळलं की प्रोगचं अर्धं कुलूप उघडतं. लांब गाणं म्हणजे पंधरा तुकड्यांची गोधडी नव्हे. तीन-चार चाली असतात, त्या वेश बदलून पुन्हा पुन्हा येतात.

'क्लोज टू द एज', येस, १९७२. अख्ख्या अल्बमात तीनच गाणी. शीर्षकगीत पावणेएकोणीस मिनिटांचं, त्याचे चार भाग आहेत आणि ६ मिनिटं, साडेआठ मिनिटं, सव्वाचौदा मिनिटं असे तीन सांधे धरले तर नकाशा हातात येतो. पहिलं पाऊण-एक मिनिट पक्षी आणि पाणी. मग तुम्ही म्हणता तो पाच खोल्यांचा गोंधळ, तो मुद्दाम केलेला आहे, मध्येच एका सामूहिक हाकेने खाडकन थांबतो आणि पुन्हा सुटतो. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास गिटार मुख्य चाल मांडते. तिथून पुढे सगळं तिच्याच आधाराने चालतं. साडेआठला सगळं शांत होतं, आणि बाराव्या मिनिटाच्या सुमाराला जो प्रचंड ऑर्गन घुमतो तो स्टुडिओतला नव्हे, लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमधला, येसचा कीबोर्डवाला वेकमन याने वाजवलेला. तरीही सुरुवात पचत नसेल तर उलटं करा: आधी सव्वाचौदापासून शेवटापर्यंत दोनदा ऐका आणि मग पहिल्यापासून.

गालगागा

तालाच्या प्रश्नाला हात घालतो. आपली चूक बहुतेक वेळा मोजण्यात होत नाही, ठेक्याची सवय लादण्यात होते.

फ्लॉइडचं 'मनी' सात मात्रांचं आहे. लगेच रूपक आठवतो आणि तिथेच घसरायला होतं. रूपकाची सम 'खाली'वर (टाळी नसलेल्या मात्रेवर) असते, म्हणजे पहिली मात्रा हलकी. 'मनी'त पहिला स्वर सगळ्यात वजनदार आहे. तेव्हा तीन-दोन-दोनचे खंड विसरा, बासची सुरावट पाठ करा, ती पुन्हा सुरू झाली की तीच सम. सॅक्सोफोन याच सातात वाजतो. गिटार सोलो मात्र सरळ चारात शिरतो, तिथे एकदम मोकळं वाटतं ते त्यामुळेच.

जेनेसिसच्या 'फॉक्सट्रॉट' (१९७२) मधलं 'सपर्स रेडी', २३ मिनिटांचं. त्यातल्या 'अपोकॅलिप्स' भागात ड्रम आणि बास नऊ मात्रा ३+२+४ अशा फोडून धरतात आणि टोनी बँक्सचा ऑर्गन त्यावरून जणू त्याला त्या नवाशी काही देणंघेणंच नाही असा पळतो. दोघांना एकदम मोजू नका. हाताने नऊ धरा, कानाने ऑर्गन ऐका. कंटाळून हात सोडलात तरी दर नवाला खालचा ठोका तुम्हाला परत पकडतोच.

आता माझी सगळ्यात आवडती गंमत. रश या कॅनडाच्या त्रिकुटाच्या 'मूव्हिंग पिक्चर्स' (१९८१) मध्ये 'वायवायझेड' नावाचं निव्वळ वाद्यांचं गाणं आहे. ही तीन अक्षरं म्हणजे टोरांटो विमानतळाचा संकेत, आणि सुरुवातीचा ठेका म्हणजे त्यांचा मोर्स कोड. मोर्समधली रेघ गुरू (गा, दोन मात्रा) आणि ठिपका लघु (ल, एक मात्रा) धरा. 'वाय' म्हणजे रेघ-ठिपका-रेघ-रेघ: गालगागा. 'झेड' म्हणजे रेघ-रेघ-ठिपका-ठिपका: गागालल. सगळं मिळून

गालगागा गालगागा गागालल

७ + ७ + ६, एकूण २० लघुमात्रा. नोटेशनमध्ये ५/४ किंवा १०/८ लिहितात ते हेच. मंजुघोषा किंवा देवप्रिया वृत्तातली गझल ज्यांच्या तोंडी बसली आहे त्यांना पहिले दोन गट आपोआप जमतात; घोटाळा होतो तो तिसऱ्यात, कारण कान तिथेही गालगा मागतो आणि समोर येतं गागालल. चार-पाच वेळा तोंडाने म्हणा, मग गाणं लावा.

खरखर

आवृत्तीबद्दल. आधी दोन शब्द वेगळे करा. रीमास्टर म्हणजे तयार स्टीरिओ टेपवर पॉलिश. रीमिक्स म्हणजे मूळ बहुट्रॅक टेपपर्यंत मागे जाऊन प्रत्येक वाद्याची पातळी आणि जागा पुन्हा ठरवणं. पोर्क्युपाइन ट्री या बँडच्या स्टीव्हन विल्सनने क्रिमसन, येस, जेथ्रो टल, जंटल जायंट यांचे अल्बम असे रीमिक्स केले आहेत. 'क्लोज टू द एज'मधल्या त्या गर्दीत बास आणि गिटार सुटे ऐकू यायला हवे असतील तर त्याचाच २०१३ चा मिक्स घ्या. मूळ मिक्सवर जीव असलेली मंडळी नाराज होतात, पण त्या संचांत बहुधा मूळ मिक्सही दिलेला असतो, दोन्ही ऐकून ठरवता येतं.

रीमास्टर मात्र डोळे मिटून घेऊ नका. आवाज मोठा वाटावा म्हणून हळू आणि जोरकस भागांतलं अंतर दाबून टाकतात, आणि प्रोगचा जीव त्या अंतरातच असतो. रशचाच 'व्हेपर ट्रेल्स' (२००२) इतका चेपला गेला होता की २०१३ मध्ये तो सगळा पुन्हा मिक्स करावा लागला.

दोन गाण्यांमधल्या खंडाचं कारण: एमपी३ बनवताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता आपोआप भरली जाते. ती किती हे फाइलमध्ये लिहिलेलं असेल आणि प्लेअरला वाचता येत असेल तर खंड पडत नाही, नाहीतर पडतो. फ्लॅक या फाइल-प्रकारात ही भानगडच नाही. ॲपवर ऐकत असाल तर 'गॅपलेस' (खंडाविना) चालू आणि 'क्रॉसफेड' (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) शून्यावर ठेवा. स्वतःच्या फाइलींना रीप्लेगेन (आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय) लावत असाल तर 'ट्रॅक'ऐवजी 'अल्बम' निवडा, नाहीतर मुद्दाम हळू ठेवलेलं गाणं शेजाऱ्याइतकंच मोठं होऊन बसतं.

आवाजाची पातळी गाण्यातल्या सगळ्यात जोरकस जागेवर ठरवा, सुरुवातीवर नाही. येसचे पक्षी नीट ऐकू यावेत म्हणून नॉब फिरवलीत की मिनिटाभरात बँड कानफटात देतो.

तबकड्या घेणाऱ्यांसाठी एवढंच: एका बाजूला २२-२३ मिनिटांपेक्षा जास्त भरलं की खाचा उथळ कराव्या लागतात, आवाज आणि बास दोन्ही उतरतात. 'फॉक्सट्रॉट'ची दुसरी बाजू साडेचोवीस मिनिटांच्या आसपास आहे. त्यात भर म्हणजे सुईखालून खाच सरकण्याचा वेग बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर असतो, तो आतल्या टोकाला निम्म्याहून कमी होतो. आणि 'सपर्स रेडी'चा सगळा उत्कर्ष नेमका त्या आतल्या टोकाला! फाटका आवाज आला की लोक प्रेसिंगला शिव्या घालतात. आधी कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या भागाची) जुळणी तपासा, सुई गोल टोकाची असेल तर लंबगोल लावून बघा.

चकवा

वरच्या तिघांशी बरंचसं सहमत, पण फ्लॉइडवरून आलेल्या माणसाला थेट येसच्या तोंडी देणं म्हणजे पोहायला शिकवताना विहिरीत ढकलणं. मधली पायरी कॅमल हा बँड. 'मिराज' (१९७४) मधलं 'लेडी फँटसी' पावणेतेरा मिनिटांचं, फ्लॉइडचा गिटारवाला गिलमोर आवडत असेल तर कॅमलच्या लॅटिमरची गिटार लगेच आवडते. त्यानंतर 'मूनमॅडनेस' (१९७६).

मग इटली. तिथल्या पीएफएम या बँडचा 'पेर उन अमिको' (१९७२), पाच गाणी, ३४ मिनिटं. याचीच काही गाणी इंग्रजी शब्द घालून 'फोटोज ऑफ घोस्ट्स' नावाने निघाली. ती नको, इटालियनच ऐका. शब्द कळले नाहीत तरी चालीवर नीट बसलेले आहेत.

'प्रोग म्हणजे लांबड' म्हणणाऱ्यांसाठी जंटल जायंटचा 'ऑक्टोपस' (१९७२). आठ गाणी, एकही सहा मिनिटांवर जात नाही, तरी या धाग्यातला सगळ्यात दाट अल्बम हाच. 'नॉट्स'मध्ये चार गळे एकमेकांची वाक्यं तोडत गातात. हेडफोन लावून एका वेळी एकाच गळ्याचा माग काढा, चारही एकदम धरायला गेलात तर डोकं धराल.

आणि सगळ्यात शेवटी व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा 'पॉन हार्ट्स' (१९७१). बँडमध्ये बास गिटारवाला वेगळा नाही, खालचे स्वर बरेचसे ऑर्गनवाला पायाने वाजवतो. इंग्लंडात फारसा चालला नाही, इटलीत पहिल्या क्रमांकावर गेला. गायक हॅमिल याचं गाणं म्हणजे कधी कुजबुज, कधी थेट आरडाओरडा. आवडला तर आयुष्यभर, नाहीतर दहा मिनिटांत बंद. मधलं काही नाही.

जाता जाता: या सगळ्यांत व्हायोलिनसारखा पण जरा भुताटकीचा जो आवाज येतो तो मेलोट्रॉन. प्रत्येक पट्टीखाली खऱ्या वाद्याच्या ध्वनिमुद्रणाची टेप असते, ती आठेक सेकंदांत संपते. बोट उचललं की स्प्रिंगने मागे येते. म्हणून त्यावरचे लांब स्वर सतत बदलत ठेवावे लागतात. क्रिमसनचं 'एपिटाफ' किंवा जेनेसिसच्या 'वॉचर ऑफ द स्काइज'ची सुरुवात हे लक्षात ठेवून ऐका.

कंपासपेटी

धन्यवाद मंडळी. गालगागा लगेच जमलं, गागाललला अजून ठेच लागतेय. एक राहिलं: येसचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' शास्त्रांवर आहे म्हणतात. आपल्याला जवळचा वाटेल का?

तेरावीमात्रा

त्या अपेक्षेने जाऊ नका. येसचा गायक जॉन अँडरसन याला परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली एक तळटीप सापडली, शास्त्रांचे श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र असे चार प्रकार सांगणारी. त्यावरून चार बाजू, चार गाणी, एकूण ८१ मिनिटं. संगीतात भारतीय असं जवळपास काही नाही, आणि शब्दांत शास्त्र शोधायला गेलात तर हाती अँडरसनच लागेल. चौथी बाजू 'रिच्युअल' आधी ऐका, मग पहिली. मधल्या दोन बाजूंत पाणी बरंच घातलंय.

चकवा

वेकमनलाही तसंच वाटायचं. या अल्बमच्या दौऱ्यात एकदा मंचावरच बसून त्याने करी खाल्ली होती, किस्सा त्यानेच सांगितलाय. या अल्बमचा भारताशी सगळ्यात थेट संबंध तोच.