सहा एअरबॅगची गाडी घेतली म्हणून अपघात कमी होतात का?

मानपाडाकर

सोसायटीच्या ग्रुपवर कुणाच्या नवीन गाडीचा फोटो आला की अभिनंदनानंतरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती स्टार (धडक चाचणीतले)? दुसरा: एअरबॅग किती? दहा वर्षांपूर्वी लोक फक्त मायलेज विचारायचे, त्यामुळे हा बदल चांगलाच आहे. पण त्यातून एक समजूत पक्की होत चालली आहे की अपघात हा गाडीच्या पत्र्याचा प्रश्न आहे. मला ती धोकादायक वाटते.

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली. त्यात दुचाकीवाले जवळपास ४५ टक्के आणि पादचारी साधारण २० टक्के. कार, टॅक्सी, जीप मिळून आतली माणसं जेमतेम आठवा हिस्सा. म्हणजे ज्यांच्या वाट्याला एअरबॅग येतच नाही अशीच माणसं सर्वात जास्त मरतात. त्याच अहवालात ७१ टक्के मृत्यूंच्या पुढे कारण लिहिलंय अतिवेग.

आपल्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर रात्री अकरानंतर उभं राहून बघा. दिवसभर कोंडीत अडकलेले लोक पातलीपाड्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की राग काढल्यासारखी गाडी पळवतात. त्यातल्या बऱ्याच गाड्या पाच स्टारच्या असतात. सुरक्षेचा विचार आपण शोरूममध्ये करतो आणि किल्ली हातात आली की तिथेच सोडून येतो. चर्चा व्हायची असेल तर ती वेगाची व्हावी.

सारंग_ऐरोली

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष पटला नाही.

२०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या धडक चाचण्या घेणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आपटून पाहिल्या. पाचही शून्य स्टार. त्यातल्या काही गाड्या परदेशात एअरबॅग लावून विकल्या जात होत्या, आपल्याकडे बेस मॉडेलला एकही नाही. २०१८ मध्ये टाटाची नेक्सॉन पाच स्टार घेणारी पहिली भारतीय गाडी ठरली, २०१९ मध्ये चालकाची एअरबॅग आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले, ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे आपली स्वतःची धडक चाचणी, सुरू झालं. हे सगळं ग्राहक 'किती स्टार' असं विचारायला लागले म्हणून घडलं. आता त्यांना 'स्टार विचारू नका, हळू चालवा' म्हणणं म्हणजे कंपन्यांना मोकळं सोडणं.

शिवाय तुम्ही धरून चाललाय की सगळी उपकरणं धडक झाल्यानंतरची आहेत. ती धडक टाळणारीही असतात. ईएससी घ्या. ओल्या वळणावर गाडी घसरायला लागली की ते एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून गाडी सरळ करतं. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेला आढळलं की त्यामुळे एकट्या गाडीचे जीवघेणे अपघात जवळपास निम्म्याने कमी होतात. तिथे २०१२ च्या मॉडेलपासून ते सक्तीचं आहे. पावसात गायमुख घाट उतरणाऱ्याला त्याचं मोल विचारा.

माणूस चुकणारच. सगळे सुधारेपर्यंत थांबायचं का?

निशिगंध

मी गाडी चालवत नाही. कापूरबावडीला रोज रस्ता ओलांडते. दोघांच्याही म्हणण्यात मी कुठे आहे ते शोधतेय.

मानपाडाकर

निशिगंधताई, माझा मुद्दा तुमचाच आहे. ताशी ५० ऐवजी ६५ ने येणाऱ्या गाडीने उडवलं तर पादचारी मरण्याची शक्यता साडेचार पट होते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिथे गाडीला किती स्टार आहेत याने फारसं काही बदलत नाही.

सारंग, ईएससीबद्दल मान्य. पण नवी मुंबईतल्या पाम बीच रोडचं बघा. मर्यादा ६०, लोक ९० ने जातात. वेग दीडपट झाला की धडकेची ऊर्जा सव्वादोन पट होते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरलं, तर ६० ला गाडी २५ मीटर पुढे जाते आणि ९० ला साडेसदतीस. ब्रेक लागायला सुरुवातच त्यानंतर होते. आणि ते पाच स्टार मिळतात समोरून ताशी ६४ च्या धडकेवर, बेल्ट लावलेल्या पुतळ्यांना. ११० ला डिव्हायडरवर गेलात तर ऊर्जा जवळपास तिप्पट. त्या वेगाला कुणी स्टार दिलेले नाहीत, हे शोरूममध्ये सांगतं का कुणी?

उरण_फाटा

माझा ट्रेलरचा धंदा आहे, जेएनपीटी बंदराची कामं. कारवाले आपसात बोलतात तेव्हा आमच्या गाड्या फक्त 'अडथळा' म्हणून येतात, म्हणून लिहितो.

रात्री उभ्या ट्रेलरला मागून कार धडकते तेव्हा कारचं नाक ट्रेलरच्या पाट्याखाली शिरतं. मजबूत केलेला पुढचा भाग, ज्यावर ते स्टार मिळतात, तो खालून निघून जातो आणि पाटा थेट काचेवर येतो. एअरबॅग काय करणार? यासाठी ट्रेलरच्या मागे आडवा दांडा असतो, कारला खाली शिरू न देणारा. नियमात आहे. पण कुठल्याही यार्डात जाऊन वाकून बघा: कुठे तो एका बाजूला लोंबतोय, कुठे वाकून वर गेलाय, कुठे वेल्डिंग सुटलं म्हणून तारेने बांधलाय. रिफ्लेक्टरच्या पट्टीवर चिखलाचा थर. पासिंगच्या दिवशी सगळं चकाचक, नंतर कुणी ढुंकून बघत नाही.

आणि ड्रायव्हर रस्त्याकडेला गाडी का लावतो? गेटवर नंबर लागायला तासन् तास जातात, झोप अनावर होते आणि सुरक्षित पार्किंग पुरेसं नाही. दोन फेऱ्यांचं काम एका दमात करायला लावणारे मालक माझ्या ओळखीत आहेत. झोपेत चालणाऱ्या चाळीस टनांपुढे तुमचे पाच स्टार आणि तुमचा ६० चा वेग, दोन्ही अपुरे.

आरती के., कासारवडवली

'७१ टक्के अतिवेग' हा आकडा मला कायम खटकतो. अपघातानंतर गुन्हा चालकावर नोंदवला जातो. रस्त्याचा उतार चुकला होता, दुभाजकाच्या टोकाला रंग नव्हता, खड्डा चुकवताना दुचाकी आडवी झाली, हे त्या कागदावर कुठे येणार? सरकारी नोंदीत २०२२ मध्ये देशभरात खड्ड्यांनी मेलेले १,८५६. पावसाळ्यात घोडबंदर रोडवरून दुचाकी चालवणाऱ्या कुणालाही हा आकडा वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा.

आमच्या भागात मेट्रो ४ चं काम, त्यात सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिसळण्याचं काम. बॅरिकेड आज एका जागी, उद्या दुसऱ्या. काँक्रीटचा एक पट्टा झालेला, शेजारचा डांबरी पट्टा चार बोटं खाली. ती कड अंधारात दिसत नाही. स्कूटरचं छोटं चाक तिला तिरकं लागलं की हँडल हातात राहत नाही, मग वेग तीस का असेना. मागून डंपर असला तर संपलंच. इथे मानपाडाकरांचा वेग आणि सारंगच्या एअरबॅग, दोन्हींचा संबंध येत नाही.

कायद्यात सोय आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं: सदोष रस्ता बांधणाऱ्या, देखभाल न करणाऱ्या ठेकेदाराला, यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. कोट्यवधींच्या ठेक्यात एक लाख! आणि तोही आपल्या भागात कुणाला झाल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. चालकाला मात्र ई-चलान दोन मिनिटांत येतं.

रस्ता सुधारला की माणसं वाचतात याला पुरावा आपल्या दारातच आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०१६ पासून रस्त्यातले दोष शोधून दुरुस्त करणं, क्रॅश बॅरियर, गस्त, लवकर मदत असं एकत्र काम झालं आणि पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले.

मानपाडाकर

आरतीताई, त्याच एक्स्प्रेसवेवर वेगाच्या कारवायाही झाल्या, हे कसं वगळता? पण खालीवर पट्ट्यांबद्दल शंभर टक्के सहमत.

डॉ. सा.

ठाण्यातल्या एका रुग्णालयात अपघात विभागात काम करते. वाद वाचला. मला फक्त मागच्या सीटबद्दल बोलायचं आहे, कारण त्यावर अजून कुणी शब्द काढलेला नाही.

छातीवर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका जांभळा वळ घेऊन माणूस स्ट्रेचरवर येतो आणि दुखतंय म्हणून ओरडतो, तेव्हा मला बरं वाटतं. तो वळ बेल्टचा असतो. मागे बेल्टशिवाय बसलेला माणूस तसा येत नाही. तो पुढच्या सीटवर आदळलेला असतो. डोकं, मान, पोट, मांडीचं हाड, आणि कित्येकदा पुढे बसलेल्यालाही त्याच्याच वजनाने इजा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ती गाडी महागडी, एअरबॅगनी भरलेली होती. पुढे बसलेले दोघे वाचले, मागचे दोघे बेल्टशिवाय होते, ते गेले. नंतर महिनाभर सगळ्यांनी मागे बेल्ट लावले. आता कोण लावतं?

सारंग, एअरबॅग ही बेल्टची जोड आहे, पर्याय नाही. सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या भागात ती फुगते. माणूस बेल्टने मागे धरलेला आहे हे गृहीत धरूनच तिची जागा ठरवलेली असते. लहान मूल पुढे बसलं असेल तर तीच एअरबॅग जीव घेऊ शकते. डिसेंबर २०२४ मध्ये वाशीत सहा वर्षांचा मुलगा असाच गेला. पुढच्या सीटवर बसला होता. मुलांना मागे बसवा, त्यांच्या मापाच्या सीटमध्ये. मांडीवर घेऊन पुढे बसणाऱ्या आयांना मी हात जोडून सांगते.

सारंग_ऐरोली

डॉक्टर, बेल्टबद्दल वादच नाही. पण बेल्टचा अलार्म बंद करणाऱ्या नकली क्लिपा बाजारात का खपतात? ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला मे २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना त्या काढून टाकायला सांगावं लागलं. दुकानांत अजून मिळतात. म्हणूनच मी म्हणतो की माणसाच्या शहाणपणावर अवलंबून राहू नका, यंत्राकडून करून घ्या. सहा एअरबॅग ऑक्टोबर २०२२ पासून सक्तीच्या होणार होत्या, मग एक वर्ष पुढे ढकलल्या, मग सक्ती नकोच असं ठरलं. आजही खिशात पैसे कमी असलेला माणूस बेस मॉडेल घेतो. त्याच्या जिवाची किंमत व्हेरियंटवर ठरावी हे मला मान्य नाही.

मानपाडाकर

क्लिप लावणारा माणूस यंत्रालाही फसवतो, हे तुम्हीच सांगितलंत की!

व्हेरियंटचं मात्र पटतं. सुरक्षेचं सामान सनरूफच्या पॅकेजला बांधून विकणं बंद व्हायला हवं.

निशिगंध

डॉक्टर, मी ऑफिसला कधी कधी अॅपवरच्या टॅक्सीने जाते. मागे बेल्ट लावायला जावं तर बक्कल सीट कव्हरच्या खाली दडपलेलं. हात घालून चाचपडलं तर एक सापडतं, मधलं तर कधीच नाही. चालक म्हणतात, 'मॅडम, मागे लागत नाही.' लागतो. नियमात आहे. काय करावं?

डॉ. सा.

निघण्याआधी कव्हर वर करायला सांगा, बक्कल मिळालं नाही तर गाडी बदला आणि अॅपवर तक्रार टाका.

उरण_फाटा

टॅक्सीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतो. तिथे मागची बक्कलं लावून बघायला सांगितलं तर आठवड्यात सगळ्या गाड्यांची कव्हरं कापून भोकं पडतील. आमच्या ट्रेलरचा मागचा दांडाही तसाच हातोडी मारून तपासा, फक्त पासिंगला नाही, रस्त्यावर, अचानक. आरटीओला निवेदन द्यायचं असेल तर मी सही करतो.

आरती के., कासारवडवली

मीही. त्यात खालीवर पट्ट्यांचा मुद्दा घाला, फोटो माझ्याकडे आहेत. जिथे जिथे कड चार बोटांची आहे तिथले खांब क्रमांक लिहून ठेवलेत.

सारंग_ऐरोली

मसुदा मी करतो. पण सहा एअरबॅगची सक्ती ही मागणी मी त्यातून काढणार नाही, आधीच सांगतो.

मानपाडाकर

आणि मी घोडबंदरवर वेगाचे कॅमेरे हवेत ही मागणी काढणार नाही. दोन्ही घाला.