ऐतिहासिक कादंबऱ्यांनंतर काय वाचावे? कथा आणि इतिहास यांतली चांगली पुस्तके कशी शोधावीत?

शब्दयात्री :

सर्वांना नमस्कार.

माझे आजवरचे वाचन मुख्यतः कथा-कादंबऱ्यांचे आहे. शाळेच्या वयात बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणि नारायण धारपांच्या भयकथा वाचल्या. पुढे ‘स्वामी’, ‘राऊ’, ‘झुंज’ आणि विश्वास पाटलांची ‘पानिपत’ अशा ऐतिहासिक कादंबऱ्यांची ओढ लागली. ‘पानिपत’ संपवल्यावर मात्र अनेक प्रश्न मनात राहिले. मोहिमेचे सेनापती भाऊसाहेब (सदाशिवरावभाऊ) यांनी बुंदेलखंडातले पेशव्यांचे अंमलदार गोविंदपंत बुंदेल्यांना प्रत्यक्षात काय लिहिले होते? मल्हारराव होळकर रणांगणातून नेमके कोणत्या परिस्थितीत निघाले? मी इंदूरचा असल्यामुळे हा दुसरा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे मल्हाररावांविषयी जे आदराने सांगितले जाते आणि कादंबऱ्यांतून त्यांचे जे चित्र उभे राहते, त्यांत बरेच अंतर आहे.

‘वाचायलाच हवीत अशी पुस्तके’ या नावाच्या याद्या मी पुष्कळ पाहिल्या, परंतु त्यांत तीच ती दहा-बारा नावे फिरत राहतात आणि ती का निवडली हे कोणी सांगत नाही. दुसरीकडे इतिहासाचा एखादा जाडजूड ग्रंथ उघडला, की सुरुवात कोठून करावी हेच समजत नाही. कादंबरी वाचणे मला सोडायचे नाही. तिच्यापासून इतिहासाकडे जाण्याची वाट मला हवी आहे, आणि चांगले पुस्तक स्वतःचे स्वतः कसे ओळखावे व शोधावे हेही जाणून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


गोदाकाठ :

आपला प्रश्न फार चांगला आहे, कारण उत्तराचा अर्धा भाग त्यातच आहे. पुस्तकांची यादी न मागता आपण एका घटनेविषयी दोन नेमके प्रश्न विचारले आहेत. पुस्तके शोधण्याची याहून भरवशाची पद्धत मला माहीत नाही. एक घटना धरावी आणि तिच्यावर वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या हेतूंनी जे लिहिले ते क्रमाने वाचत जावे. पानिपत त्यासाठी अत्यंत सोयीचे आहे, कारण १४ जानेवारी १७६१ च्या त्या एका दिवसावर मराठीत जितके लिहिले गेले तितके फारच थोड्या घटनांवर लिहिले गेले असेल.

सुरुवात त्र्यं. शं. शेजवलकरांच्या पानिपतावरील ग्रंथापासून करावी, असे मी सुचवीन. तो आधी १९४६ मध्ये इंग्रजीत आणि नंतर मराठीत प्रसिद्ध झाला. लढाईच्या दिवसाचे वर्णन वाचायच्या उत्सुकतेने आपण तो उघडाल, पण दिल्लीची पातशाही, रोहिल्यांचा सरदार नजीबखान, अवधचा नवाब सुजाउद्दौला, भरतपूरचा सुरजमल जाट आणि मराठे यांचे परस्परसंबंध काय होते, हा भाग अधिक सावकाश वाचावा. लढाई हरण्याची कारणे पुष्कळ अंशी तिथे सापडतात. शेजवलकर ठाम मते मांडणारे लेखक होते. त्यांचे प्रत्येक मत पटलेच पाहिजे असे नाही, परंतु मत कोणते आणि पुरावा कोणता हे ते वाचकाला वेगळे करता येईल अशा रीतीने लिहितात, आणि नव्या वाचकासाठी हा गुण सर्वांत मोलाचा आहे.

त्यानंतर वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा १८९८ मध्ये निघालेला पहिला खंड घ्यावा. गोविंदपंतांना भाऊंनी काय लिहिले, या आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर या खंडात आहे. रसद आणि पैसा पाठवा, शत्रूचा मुलूख मारून त्याची रसद तोडा, ही मागणी पत्रांतून वारंवार येते, आणि दिवस जातात तसा त्या पत्रांचा स्वर बदलत जातो. कादंबरीत आपण ज्याला तणाव म्हणतो तो इथे कोणी रचलेला नाही. पत्र लिहिणाऱ्याला पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते, आपल्याला मात्र ते ठाऊक आहे, आणि एवढ्यामुळेच ती साधी पत्रे वाचताना मन अस्वस्थ होते. याच खंडाच्या दीर्घ प्रस्तावनेत राजवाड्यांनी गोविंदपंत आणि मल्हारराव यांच्यावर मोठा दोष ठेवला आहे, आणि तो निवाडा पुढच्या सर्वच अभ्यासकांनी मान्य केला नाही. इंदूरच्या वाचकाने ती प्रस्तावना वाचून मग होळकरांची कैफियतही (घराण्याची लेखी हकीकत) अवश्य पाहावी, कारण तिच्यात होळकर घराण्याची बाजू मिळते. मल्हारराव निघून का गेले याविषयी दोन्हीकडचे वाचल्याशिवाय मत बनवणे योग्य होणार नाही.

एवढ्यावर न थांबता समोरच्या छावणीतला वृत्तांतही वाचावा. काशीराज हा सुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला दक्षिणी ब्राह्मण. तो त्या मोहिमेत प्रत्यक्ष हजर होता, आणि वाटाघाटींतही त्याचा सहभाग होता. त्याने सुमारे वीस वर्षांनी फारसीत आठवणी लिहिल्या. मराठी बोलणाऱ्यांच्या मुलखातून गेलेला, पण शत्रुपक्षात नोकरीला असलेला माणूस भाऊंविषयी काय म्हणतो, हे वाचताना पानिपताकडे पाहण्याची आपली जागाच बदलते.

हे सारे वाचून झाल्यावर पुन्हा कादंबरीकडे जावे. कागदांत नसलेले प्रसंग कोठे आले आहेत, कोणत्या पात्राला कागदांपेक्षा अधिक उजळ किंवा अधिक काळे केले आहे, हे आता आपल्याला दिसू लागेल, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे त्यामुळे कादंबरीची गोडी वाढते.


मोडीवाचक :

गोदाकाठ यांच्या पद्धतीशी मी पूर्ण सहमत आहे, क्रमाशी मात्र नाही. नव्या वाचकाच्या हाती राजवाड्यांचे खंड इतक्या लवकर देऊ नयेत. त्या पत्रांत फारसी शब्द दाट आहेत, तारखा मुसलमानी महिन्यांच्या आहेत, आणि पत्रातली निम्मी माणसे कोण आहेत हे आधी ठाऊक असावे लागते. पुष्कळ उत्साही वाचक याच पायरीवर थांबतात आणि ‘इतिहास आपल्याला जमणार नाही’ असे ठरवून टाकतात. ही हानी टाळता येण्यासारखी आहे.

माझ्या मते पहिले पुस्तक असे हवे, जे इतिहासाचे अस्सल साधनही (मूळ पुरावाही) आहे आणि कादंबरीइतके वाचनीयही आहे. मराठीत असे पुस्तक आहे, ते म्हणजे विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक कर्ज फिटावे म्हणून काकांबरोबर उत्तरेत दक्षिणा मिळवायला निघाला आणि १८५७ च्या बंडात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरात होता. त्याला राजकारण करायचे नव्हते, कोणाची बाजूही मांडायची नव्हती. पोट, धर्मकृत्य, काकांची सोबत आणि जीव वाचवणे एवढेच त्याच्यापुढे होते, आणि म्हणून त्याला जे दिसले ते एखाद्या मुत्सद्द्याला दिसलेच नसते. अर्थात त्याने हे सारे पुष्कळ वर्षांनी आठवून लिहिले, ऐकीव गोष्टीही पाहिलेल्या गोष्टींच्या ओळीत बसवल्या, आणि काही ठिकाणी त्याची माहिती इतर पुराव्यांशी जुळत नाही. पण साधन म्हणजे काय, त्यावर विश्वास कोठे ठेवावा आणि कोठे आवरावा, याचे शिक्षण याच पुस्तकातून सर्वांत सहज मिळते.

आवृत्तीकडेही लक्ष द्यावे. १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी हे पुस्तक प्रथम प्रसिद्ध केले तेव्हा त्यांनी मजकुरात बरेच फेरफार केले होते. पुढे दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून संपादित केलेला पाठ प्रसिद्ध झाला. दोन्ही प्रती शेजारी ठेवून झाशीची काही पाने जरी वाचली, तरी संपादकाचा हात म्हणजे काय ते समजते. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत ‘कोणते पुस्तक’ या प्रश्नाइतकाच ‘कोणती आवृत्ती’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि याद्यांमध्ये तो कधीच विचारलेला नसतो.

बखरींविषयीही (जुन्या मराठी गद्यातल्या इतिहासकथनांविषयीही) दोन शब्द लिहितो, कारण पानिपताचा विषय निघाला की त्यांचे नाव निघणारच. ‘भाऊसाहेबांची बखर’ मराठी गद्याचा अमोल ठेवा आहे आणि ती भाषेसाठी वाचलीच पाहिजे. रघुनाथ यादवाची ‘पाणिपतची बखर’ गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिली गेली. ज्या आईचा मुलगा विश्वासराव त्या रणात पडला, तिच्यासाठी लिहिलेला हा वृत्तांत आहे, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. बखरीतील संवाद आणि सैन्याचे आकडे यांवरून इतिहासाचा निर्णय करू नये. त्या काळच्या माणसांनी हा पराभव मनाशी कसा समजून घेतला, हे मात्र बखरीइतके दुसरे कोणतेही साधन सांगत नाही.


जुनी पाने :

इथे इतिहासाची बाजू उत्तम मांडली गेली आहे. कथा-कादंबरीची बाजू थोडी राहिली आहे, ती मांडतो.

मराठी ऐतिहासिक कादंबरी जन्मापासूनच नियतकालिकांच्या वाचकांसाठी लिहिली गेली. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून क्रमशः येत होती आणि १८७१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. ह. ना. आपटे यांची ‘उषःकाल’ त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून वाचकांपर्यंत पोहोचली. पुढच्या अंकाची वाट पाहायला लावणारी ही रचना पुढे नाथमाधवांनी आणि रहस्यकथाकारांनीही वापरली. आपण अर्नाळकरांकडून ‘स्वामी’पर्यंत आलात यात म्हणूनच मला काहीही विसंगत वाटत नाही. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली, त्यांचे झुंजार आणि काळापहाड घराघरांत पोहोचले, आणि मराठी माणसाला वाचनाची सवय लावण्यात या पुस्तकांचा वाटा फार मोठा आहे. त्यांची उपेक्षा झाली याचे मला मनापासून वाईट वाटते. त्या कथांमधली मुंबई, तिथल्या मोटारी, हॉटेले, पेढ्या, पैशांची आणि प्रतिष्ठेची कल्पना, हे सारे आज सामाजिक इतिहासाचे साहित्य झाले आहे.

चांगली ऐतिहासिक कादंबरी ओळखायची असेल, तर मी प्रथम तिची प्रस्तावना वाचतो. ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची जी दीर्घ प्रस्तावना आहे, ती शिवचरित्राच्या अभ्यासातले प्रश्न कोणते आहेत हे इतक्या स्पष्टपणे मांडते, की कादंबरी न वाचणाऱ्यानेही ती वाचावी. दुसरे म्हणजे लेखकाने विषय कोणता निवडला आहे ते पाहतो. ना. सं. इनामदारांनी ‘झेप’मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे आणि ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकर घेतले, म्हणजे ज्यांच्याविषयी लोकमत फारसे अनुकूल नव्हते अशा माणसांकडे ते गेले. अशी कादंबरी वाचकाच्या मनातला ठरलेला निवाडा पुन्हा उघडते, आणि माझ्या दृष्टीने ही तिची मोठी कामगिरी आहे. उलट ज्या कादंबरीत नायकाच्या हातून एकही चूक होत नाही आणि शत्रूला एकही चांगला गुण नसतो, ती कितीही खपली तरी मी ती कोणाला सुचवत नाही.

नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ मात्र आपण मुद्दाम मिळवून वाचा. मराठ्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांच्या काळातला एक काल्पनिक माणूस स्वतःची बखर लिहितो, अशी तिची रचना आहे. मोडीवाचक यांनी बखरीविषयी जो सावधपणा सांगितला, तो या कादंबरीच्या रचनेतच आहे. सांगणाऱ्याचे कोठपर्यंत ऐकायचे, हे वाचकाला पानोपानी ठरवावे लागते.


शब्दयात्री :

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी ‘माझा प्रवास’ आधी आणि शेजवलकर त्यानंतर असा क्रम ठरवला आहे. एक व्यावहारिक अडचण उरते. महाराष्ट्राबाहेर ही पुस्तके मिळवायची कशी? दुकानांत नव्या आणि खपाऊ पुस्तकांपलीकडे फारसे काही नसते. शिवाय मूळ कागदांकडे वळायचे झाल्यास मोडी शिकावी लागेल काय?


गोदाकाठ :

मोडीवाचक यांची क्रमाविषयीची सूचना मला मान्य आहे. राजवाडे दुसऱ्या वर्षासाठी ठेवले तरी काही बिघडत नाही.

मोडीची अट मुळीच नाही. राजवाड्यांचे खंड देवनागरीत छापलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतर पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे जे ४५ खंड निघाले, त्यांतली मराठी पत्रेही देवनागरीतच आहेत. फारसी साधनांसाठी सेतुमाधवराव पगडी यांची मराठी भाषांतरे आहेत, आणि मोगलांच्या बाजूने लिहिणाऱ्यांना मराठे कसे दिसले हे त्यांच्यामुळे मराठीत वाचता येते.

पुस्तके मिळवण्याविषयी सांगायचे तर, राजवाडे १९२६ मध्ये वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे त्यांचे खंड आणि आपटे, नाथमाधव यांच्या कादंबऱ्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’सारख्या संकेतस्थळांवर मुक्तपणे वाचता येतात. शोधताना लेखकाचे नाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहून पाहावे, कारण जुन्या ग्रंथांच्या नोंदी एकसारख्या केलेल्या नाहीत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरही मंडळाची पुष्कळ प्रकाशने मोफत आहेत. इंदूरमध्ये जुनी मराठी ग्रंथालये आहेत. तिथल्या कपाटांत आज दुकानांत न मिळणाऱ्या आवृत्त्या निघण्याचा संभव बराच आहे, विशेषतः होळकरशाहीसंबंधीच्या. ग्रंथपालांना पुस्तकाचे नाव विचारण्याऐवजी विषय सांगावा आणि शक्य असल्यास त्या विषयाचे संपूर्ण कपाट पाहू द्यावे अशी विनंती करावी. नव्या पुस्तकांची खबर ठेवायची असेल तर ‘ललित’ मासिक चाळावे. १९६४ पासून ते ग्रंथव्यवहारालाच वाहिलेले आहे.


मोडीवाचक :

एक पुरवणी जोडतो. कोणताही इतिहासग्रंथ हाती आला, की शेवटची संदर्भसूची आधी वाचावी आणि आपण वाचलेल्या दुसऱ्या ग्रंथाच्या सूचीशी ती ताडून पाहावी. दोन्हीकडे ज्याचे नाव येते ते पुस्तक पुढचे म्हणून घ्यावे. होळकरांची कैफियत वाचताना यशवंतरावांचा भागही सोडू नये. ‘झुंज’ आपण वाचलेलीच आहे, त्यामुळे कादंबरी आणि कैफियत ताडून पाहण्याचे काम आपल्याला तिथूनच सुरू करता येईल. काय आढळते ते इथे अवश्य लिहावे, मला वाचायला आवडेल.